कर्नलच्या पोटातच इनिट्रॅमएफएस: संग्रह आत जातो, पण बूट पुढे सरकत नाही

शून्यसेक्टर (धागाकर्ता)

माझ्याकडे ३२-बिट आर्म प्रोसेसरचा एक जुना बोर्ड आहे. त्यावर २५६ एमबी रॅम आहे. त्याचा बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) फ्लॅशमधून दोनच गोष्टी उचलतो, कर्नलची झेड-इमेज (दाबलेली फाइल) आणि डिव्हाइस ट्री (बोर्डाच्या हार्डवेअरचे वर्णन). तिसरी फाइल, म्हणजे वेगळी इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींची प्रतिमा), उचलण्याची सोय त्यात नाही आणि बूटलोडर बदलण्याची माझी तयारी नाही. मूळ फाइलसिस्टिम मात्र डीएम-क्रिप्टने (डिस्क कूटबद्ध करणारा कर्नलचा भाग) कूटबद्ध केलेल्या पार्टिशनवर आहे, त्यामुळे ती माउंट होण्याआधी काही काम युझरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांतून, व्हायलाच हवे. म्हणून इनिट्रॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला रॅममध्ये उलगडला जाणारा फाइलींचा संग्रह, कर्नलमध्येच अंतर्भूत करण्याचे ठरवले.

कर्नल ६.१ मालिकेतला आहे. एक डिरेक्टरी तयार करून तिच्यात बिझीबॉक्स (शेल आणि नेहमीच्या आज्ञा एकाच फाइलीत), क्रिप्टसेटअप (कूटबद्ध पार्टिशन उघडणारे साधन), काही लायब्रऱ्या आणि शेलमध्ये लिहिलेली /इनिट ही कर्नलने सर्वप्रथम चालवायची फाइल ठेवली आणि तिचा मार्ग ‘कॉन्फिग_इनिट्रॅमएफएस_सोर्स’ या पर्यायात दिला. इमेजचा आकार अपेक्षेप्रमाणे वाढला, म्हणजे संग्रह आत गेला हे नक्की. परंतु बूट होताना ‘फेल्ड टू एक्झिक्यूट /इनिट, एरर -२’ असा संदेश येतो आणि पाठोपाठ ‘नो वर्किंग इनिट फाउंड’ म्हणून कर्नल पॅनिक होतो, म्हणजे हात टेकून थांबतो. -२ म्हणजे फाइल सापडली नाही, असे मी समजतो. फाइल तर संग्रहात आहे, मी स्वतः उलगडून पाहिली. मग कर्नलला ती का दिसत नाही?

---

जुना_पाना

कर्नलला तुमची फाइल दिसते आहे. ती दिसली नसती तर हा संदेश आलाच नसता. /इनिट सापडत नसेल, तर कर्नल अंतर्भूत संग्रहाचा नाद सोडून जुन्या पद्धतीने मूळ पार्टिशन माउंट करायला जातो आणि तेथे ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणून अडतो. हे दोन पॅनिक दिसायला सारखे वाटले तरी त्यांची कारणे अगदी वेगळी आहेत. कोणता पॅनिक आला हे नीट वाचले की निम्मे निदान तेथेच होते.

तुमच्या बाबतीत ‘सापडली नाही’ ही तक्रार /इनिटविषयी नसून तिला चालवण्यासाठी लागणाऱ्या फाइलीविषयी आहे. शेल स्क्रिप्ट चालवायची तर पहिल्या ओळीतला दुभाषा, म्हणजे /बिन/एसएच, लागतो. तो तुमच्याकडे बिझीबॉक्स आहे. बिझीबॉक्स डायनॅमिक पद्धतीने लिंक केलेला असेल, म्हणजे लायब्रऱ्या चालताना बाहेरून घेत असेल, तर त्याला त्या जोडून देणारा स्वतःचा लोडर लागतो, आणि तो नेमका त्याच मार्गावर लागतो जो बिझीबॉक्सच्या बायनरीत कोरलेला असतो. या साखळीतला कोणताही दुवा गायब असला तरी प्रोग्राम चालवणारा एक्झेक कॉल तोच -२ परत करतो. कोणता दुवा गायब आहे, हे सांगण्याची त्याच्याकडे सोय नाही. रीडएल्फ हे साधन वापरून बिझीबॉक्सच्या प्रोग्राम हेडरमधला इंटरप्रिटरचा मार्ग पाहा आणि तो संग्रहात आहे का, ते तपासा. बहुतेक वेळा लायब्ररी प्रामाणिकपणे कॉपी केलेली असते आणि लोडर मात्र राहून गेलेला असतो, कारण तो लायब्रऱ्यांच्या यादीत असूनही तिच्यासारखा दिसत नाही.

सोपा उपाय असा की, बिझीबॉक्स स्टॅटिक, म्हणजे लायब्रऱ्या आतच घेऊन, बांधावा. सुरुवातीच्या टप्प्यात हलणारे भाग जितके कमी, तितके बरे. जाता जाता इतर क्रमांकही सांगून ठेवतो. -८ आला तर बायनरी दुसऱ्या आर्किटेक्चरची आहे किंवा कर्नलमध्ये ‘बिनएफएमटी_स्क्रिप्ट’ (स्क्रिप्ट चालवण्याची सोय) बंद आहे, असे समजावे. -१३ आला तर चालवण्याची परवानगी द्यायची राहिली आहे.

---

अर्धविराम

मूळ प्रश्नाला थोडी पार्श्वभूमी जोडतो, कारण इनिटआरडी आणि इनिट्रॅमएफएस हे शब्द या विषयावर बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून गैरसमज वाढतात.

इनिटआरडी ही रॅममध्ये ठेवलेली एक ब्लॉक डिव्हाइसची प्रतिमा होती. तिच्यावर एक्सटी२ सारखी खरी फाइलसिस्टिम असे, तिचा आकार आधीच ठरवावा लागे आणि तिच्यातली प्रत्येक गोष्ट कॅशमध्ये पुन्हा कॉपी होत असल्याने मेमरी दुहेरी खर्च होई. इनिट्रॅमएफएस ही कल्पना २००२ मध्ये २.५ मालिकेच्या विकासकाळात आली. यात फाइलसिस्टिमची प्रतिमाच नसते. असतो तो सीपीआयओ या साधनाचा साधा संग्रह (अनेक फाइली एकामागून एक ठेवलेली एकच फाइल), जो कर्नल स्वतः उलगडून रूटएफएसमध्ये ओततो. रूटएफएस प्रत्येक चालू लिनक्समध्ये असते आणि ती रॅमएफएस किंवा टीएमपीएफएस या रॅममध्येच राहणाऱ्या फाइलसिस्टिमचे रूप असते.

लोकांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, २.६ पासूनच्या प्रत्येक कर्नलमध्ये असा एक संग्रह अंतर्भूत असतोच. आपण काही दिले नाही तर तो जवळजवळ रिकामा असतो. त्या काळच्या दस्तऐवजात एक्स८६ वर त्याचा आकार १३४ बाइट दिला आहे. म्हणजे धागाकर्त्यांनी कर्नलला काही नवीन कसब शिकवलेले नाही. जी रिकामी पिशवी आधीपासूनच होती, ती फक्त भरली आहे. बिल्डच्या वेळी हा संग्रह असेम्बलर फाइलीतल्या ‘इंकबिन’ या सूचनेने जसाच्या तसा एका स्वतंत्र सेक्शनमध्ये घातला जातो. तो सेक्शन इनिट विभागात मोडतो, त्यामुळे बूट झाल्यावर त्याने व्यापलेली मेमरी ‘फ्रीइंग अनयुज्ड कर्नल इमेज’ या संदेशासोबत मोकळी होते.

संग्रहाचा प्रकार ‘न्यूसी’ असावा लागतो. त्यात प्रत्येक फाइलीपुढे ११० बाइटचे हेडर असते, त्यातले आकडे सोळा-आधारी अक्षरांत लिहिलेले असतात आणि सुरुवात ०७०७०१ या खुणेने होते. हाताने संग्रह बनवताना सीपीआयओला हा प्रकार स्पष्ट सांगितला नाही, तर ते साधन आपल्या जुन्या प्रकारात संग्रह लिहिते आणि कर्नल तो नाकारतो.

---

शून्यसेक्टर (धागाकर्ता)

जुना_पाना यांचे निदान बरोबर निघाले. लोडर खरोखरच राहिला होता. बिझीबॉक्स आणि क्रिप्टसेटअप दोन्ही स्टॅटिक बांधले, लायब्रऱ्या काढून टाकल्या आणि -२ गेला.

आता नवी अडचण आहे. ‘वॉर्निंग: अनेबल टू ओपन ॲन इनिशियल कन्सोल’ एवढी ओळ दिसते आणि त्यानंतर पूर्ण शांतता. स्क्रिप्ट चालते की नाही, हेच कळत नाही. कर्नलमध्ये ‘डेव्हटीएमपीएफएस_माउंट’ चालू आहे, त्यामुळे /डेव्ह (डिव्हाइसच्या नोडांची डिरेक्टरी) आपोआप भरले जाईल अशी माझी समजूत होती.

---

जुना_पाना

ही समजूत अनेकांची असते. तो पर्याय कर्नलने स्वतः मूळ पार्टिशन माउंट केले तरच लागू होतो. इनिट्रॅमएफएसमधून बूट होताना /डेव्ह माउंट करणे हे तुमच्या स्क्रिप्टचे काम असते, आणि त्या पर्यायाच्या मदतमजकुरातच ते लिहिलेले आहे. परंतु कर्नल कन्सोल उघडतो तो स्क्रिप्ट सुरू करण्याआधी. त्या क्षणी /डेव्ह/कन्सोल संग्रहातच हवे. नसले तर पहिल्या प्रक्रियेला इनपुट, आउटपुट आणि एरर यांपैकी एकही वाट मिळत नाही. तुमची स्क्रिप्ट बहुधा चालते आहे, मात्र तिला तोंड नाही.

अर्धविराम यांनी सांगितलेल्या रिकाम्या पिशवीत /डेव्ह, /डेव्ह/कन्सोल आणि /रूट एवढ्याच तीन नोंदी असतात. स्वतःची डिरेक्टरी दिली की त्या मूळ नोंदी येत नाहीत, म्हणून ही अडचण नेमकी स्वतः संग्रह भरणाऱ्यालाच येते.

डिरेक्टरीत डिव्हाइस नोड तयार करायला रूटचे अधिकार लागतात आणि केवळ तेवढ्यासाठी कर्नलचा बिल्ड रूट म्हणून चालवणे मला तरी पटत नाही. त्याऐवजी यादीची फाइल वापरा. तिच्यात दर ओळीला एक नोंद असते: आधी प्रकार, मग मार्ग, परवानग्या, मालकाचा आणि गटाचा क्रमांक. नोड असेल तर पुढे कॅरॅक्टर की ब्लॉक हे अक्षर आणि मेजर-मायनर क्रमांक येतात. कन्सोलसाठी मेजर ५ आणि मायनर १. ही यादी ‘जेन_इनिट_सीपीआयओ’ हे कर्नलसोबतचे छोटे साधन वाचते आणि खरा नोड डिस्कवर कुठेही न बनवता संग्रहात त्याची नोंद लिहिते. सोर्सच्या पर्यायात डिरेक्टरी आणि यादी दोन्हींचे मार्ग मध्ये मोकळी जागा सोडून देता येतात. फाइलींसाठी डिरेक्टरी आणि नोडसाठी तीन ओळींची यादी ही विभागणी मला वर्षानुवर्षे पुरली आहे.

मालकीचेही पाहून घ्या. सामान्य वापरकर्ता म्हणून बिल्ड केलात तर संग्रहातल्या फाइली तुमच्याच क्रमांकाच्या नावावर जातात. ‘इनिट्रॅमएफएस_रूट_यूआयडी’ आणि त्याचा गटासाठीचा जोडीदार, दोन्ही -१ ठेवले की चालू वापरकर्त्याच्या फाइली संग्रहात रूटच्या होतात.

---

रिकामी_ओळ

कॉम्प्रेशनविषयी कोणी बोललेले नाही, म्हणून विचारतो. अंतर्भूत संग्रह एक्सझेडने दाबावा की झेडएसटीडीने? माझ्याकडे फ्लॅशची जागा कमी आहे.

---

अर्धविराम

झेड-इमेज वापरत असाल तर बहुधा कशानेच दाबू नये. ऐकायला विचित्र वाटेल, परंतु झेड-इमेज म्हणजे संपूर्ण कर्नल, त्यातल्या अंतर्भूत संग्रहासकट, एकदा दाबून त्याच्या पुढे उलगडणारा छोटा कोड जोडलेली फाइल असते. संग्रह आधीच दाबलेला असेल तर बाहेरच्या थराला त्यातून पिळण्यासारखे काही उरत नाही, उलट दोनदा उलगडण्याचा वेळ मात्र जातो. संग्रह उघडा ठेवला, तर तो आणि कर्नलचा कोड एकाच प्रवाहात दाबले जातात आणि एकूण आकार बहुतेक वेळा तेवढाच किंवा किंचित कमी येतो. कर्नलच्या मदतमजकुरातही हाच तर्क दिला आहे. तिथे सांगितलेला तोटा एवढाच की, बूटच्या वेळी थोडा काळ न दाबलेला संग्रह आणि त्यातून उलगडलेल्या फाइली दोन्ही मेमरीत असतात.

हा नियम सगळीकडे मात्र लागू करू नका. ६४-बिट आर्मची साधी ‘इमेज’ स्वतःला उलगडत नाही. ती दाबलेली असली तर उलगडण्याचे काम बूटलोडरला करावे लागते. तुमचा बूटलोडर ते करत नसेल, तर अंतर्भूत संग्रह दाबणे हाच जागा वाचवण्याचा मार्ग उरतो.

---

जुना_पाना

अर्धविराम यांच्याशी सहमत आहे. फक्त एक पुस्ती जोडतो. स्वतः दाबलेला संग्रह सोर्समध्ये देणार असाल, तर एक्सझेडची तपासणी-बेरीज सीआरसी३२ ठेवा, कारण त्या साधनाची नेहमीची सीआरसी६४ कर्नलच्या उलगडणाऱ्या कोडला समजत नाही. एलझेड४ वापरणार असाल तर त्याचा जुना ‘लेगसी’ प्रकार निवडा. शिवाय, ज्या पद्धतीने दाबले आहे तिचा ‘आरडी_’ने सुरू होणारा पर्याय कर्नलमध्ये चालू हवा.

आणि येथे अंतर्भूत व बाह्य संग्रहांत एक फरक आहे. बाहेरून आलेला संग्रह उलगडला नाही, तर कर्नल तक्रार नोंदवतो आणि पुढे जायचा प्रयत्न करतो. अंतर्भूत संग्रह उलगडला नाही, तर तो तिथेच पॅनिक होतो. मला हे योग्यच वाटते, कारण स्वतःच्याच पोटातली गोष्ट वाचता येत नसेल तर त्या इमेजवर पुढे भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

---

शून्यसेक्टर (धागाकर्ता)

कन्सोल आले. संग्रहाचे कॉम्प्रेशन ‘नन’ केले आणि ते बाहेरच्या थरावर सोडले. आता दोन गोष्टी उरल्या आहेत.

पहिली, डीएम-क्रिप्ट मी मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये नंतर घालता येणारा वेगळा तुकडा, म्हणून बांधले आहे. मॉड्यूल संग्रहात हवे, संग्रह कर्नलमध्ये हवा आणि मॉड्यूल तर कर्नलसोबत बांधले जाते. कोंबडी आधी की अंडे आधी, असा हा प्रकार झाला.

दुसरी, स्क्रिप्टच्या शेवटी मी स्विच_रूट (खऱ्या मूळ फाइलसिस्टिमवर जाण्याची आज्ञा) चालवतो, तेथे ‘अटेम्प्टेड टू किल इनिट’ असा पॅनिक येतो आणि एक्झिटकोड सोळा-आधारी १०० दाखवतो.

---

जुना_पाना

दुसरीपासून सुरुवात करतो. त्या आकड्याचा वरचा बाइट म्हणजे प्रक्रियेने परत दिलेला कोड, म्हणजे तुमची /इनिट १ हा कोड देऊन संपली. पहिली प्रक्रिया संपणे कर्नलला कधीही मान्य नसते. स्विच_रूटच्या आधी ‘एक्झेक’ लिहिले आहे का? नसेल तर शेल त्याला नवी प्रक्रिया म्हणून जन्माला घालतो, तिचा क्रमांक १ नसतो, बिझीबॉक्सचे स्विच_रूट अशा स्थितीत काम करायला नकार देते आणि तुमची स्क्रिप्ट शेवटच्या ओळीनंतर गुपचूप संपते.

ते एवढे काटेकोर असण्याला कारण आहे. रूटएफएस अनमाउंट करता येत नाही आणि तिच्यावर पिव्हट_रूट (मूळ फाइलसिस्टिमची अदलाबदल करणारा कॉल) हेही चालत नाही. म्हणून स्विच_रूट आधी तिच्यातल्या सगळ्या फाइली पुसते, जेणेकरून मेमरी मोकळी व्हावी, नंतर नवे माउंट / वर सरकवते, सीएचरूट करून त्यालाच मूळ मानते आणि खरे इनिट चालवते. चुकीच्या ठिकाणी चालले तर ही आज्ञा तुमची खरी डिस्क पुसेल, म्हणूनच आपण प्रक्रिया १ आहोत का आणि / खरोखर रॅमएफएस किंवा टीएमपीएफएस आहे का, हे ती आधी तपासते.

---

अर्धविराम

पहिल्या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर म्हणजे तो प्रश्नच नाहीसा करणे. ज्या बोर्डाचे हार्डवेअर बदलणार नाही, त्यावर डीएम-क्रिप्ट आणि लागणारे सायफर (कूटपद्धती) मॉड्यूल म्हणून ठेवण्याने काही हाती लागत नाही. ते कर्नलमध्येच थेट बांधा.

मॉड्यूल हवेच असतील तर बिल्ड दोनदा चालवा. पहिल्यांदा सोर्स रिकामा ठेवून कर्नल आणि मॉड्यूल बांधा, ‘इन्स्टॉल_मॉड_पाथ’ हा मार्ग तुमच्या डिरेक्टरीकडे वळवून मॉड्यूल तेथे बसवा, नंतर सोर्स भरून पुन्हा मेक चालवा. दुसऱ्या फेरीत संग्रह नव्याने बनतो आणि कर्नल नव्याने लिंक होतो, एवढेच, त्यामुळे तिला फार वेळ लागत नाही. ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप’ विसरू नका, नाहीतर डीबगची माहिती संग्रहाला फुगवते. मॉड्यूलवर डिजिटल सही होत असेल, तर दोन फेऱ्यांच्या मध्ये बिल्डचे झाड पूर्ण साफ करू नका. आपोआप बनलेली किल्लीही त्यासोबत जाते आणि पहिल्या फेरीतली मॉड्यूल दुसऱ्या फेरीतल्या कर्नलला परकी होतात.

बिल्डरूट किंवा योक्टो (अशा बोर्डांसाठी संपूर्ण लिनक्स बांधून देणारी साधने) वापरणाऱ्यांना हे हाताने करावे लागत नाही. बिल्डरूटमध्ये मूळ फाइलसिस्टिमच्या प्रकारांत इनिट्रॅमएफएस निवडता येते आणि योक्टोमध्ये ‘इनिट्रॅमएफएस_इमेज_बंडल’ ला १ दिले की तेच होते.

---

तिसरा_बाइट

या सर्व खटाटोपाचा मला दिसणारा खरा लाभ सुरक्षेचा आहे. कर्नल आणि संग्रह एकच फाइल असल्यामुळे एका सहीत दोन्ही येतात आणि कूटबद्ध पार्टिशनचा सांकेतिक शब्दही संग्रहातच लपवून ठेवता येतो.

---

जुना_पाना

पहिला अर्धा भाग अटींसह मान्य. दुसरा मुळीच नाही.

अंतर्भूत संग्रह कूटबद्ध नसतो, तो फक्त दाबलेला असतो. कर्नलच्या सोर्समधलीच ‘एक्स्ट्रॅक्ट-व्हीएमलिनक्स’ ही स्क्रिप्ट किंवा हाताशी असलेले कोणतेही उलगडण्याचे साधन घेऊन आतली खूण शोधली की सगळ्या फाइली हातात येतात. ज्याच्या हाती फ्लॅश लागली त्याच्या हाती सांकेतिक शब्दही लागला असे समजा.

सहीविषयीची अट अधिक महत्त्वाची आहे, कारण ती सहसा नजरेतून सुटते. अंतर्भूत संग्रह असला तरी बूटलोडरने दिलेला बाह्य संग्रह कर्नल नाकारत नाही. तो आधी आतला उलगडतो, मग बाहेरचा त्याच्यावरच उलगडतो, आणि एकाच नावाची फाइल असेल तर बाहेरची जिंकते. म्हणजे सही केलेल्या कर्नलमधली तुमची /इनिट कोणीतरी बाहेरून सहज बदलू शकतो. आर्मवर बाह्य संग्रहाचा पत्ता डिव्हाइस ट्रीच्या ‘चोझन’ भागातूनही येतो. तेव्हा सही फक्त कर्नलवर आणि डिव्हाइस ट्री मोकळा, अशी मांडणी असेल तर पुढचे दार बंद करून खिडकी उघडी ठेवल्यासारखे होते. कमांड लाइनचेही, म्हणजे बूटच्या वेळी कर्नलला मिळणाऱ्या पर्यायांच्या ओळीचेही, तसेच आहे. तिच्यात ‘आरडीइनिट’ला शेलचा मार्ग दिला की तुमची स्क्रिप्ट बाजूलाच राहते.

यावर उपाय आहे. कमांड लाइन कर्नलमध्ये बांधून ‘सीएमडीलाइन_फोर्स’ चालू करा आणि मग ‘इनिट्रॅमएफएस_फोर्स’ निवडा, म्हणजे बाहेरून आलेला संग्रह दुर्लक्षित होतो. दुसरा पर्याय मेनूत दिसण्यासाठी ‘सीएमडीलाइन_फोर्स’ किंवा ‘सीएमडीलाइन_एक्स्टेंड’ आधी निवडलेला असावा लागतो, त्यामुळे अनेकांना तो सापडत नाही आणि तो अस्तित्वातच नाही, असे ते समजतात. मात्र ‘एक्स्टेंड’ निवडल्यास बूटलोडरची कमांड लाइन कायम राहते आणि वरची खिडकी उघडीच राहते.

---

अर्धविराम

एक्स८६ वर यूईएफआय या फर्मवेअरचा सुरक्षित बूट (फक्त सही असलेलेच चालू देणारा) वापरणाऱ्यांनी संग्रह कर्नलमध्ये घालण्याआधी एकत्रित कर्नल प्रतिमेचा, म्हणजे यूकेआयचा, विचार करावा. त्यात कर्नल, संग्रह आणि कमांड लाइन एकाच पीई फाइलीच्या (यूईएफआयला चालवता येणारा प्रकार) वेगवेगळ्या सेक्शनमध्ये बसवून संपूर्ण फाइलीवर सही होते आणि संग्रह बदलला तरी कर्नल पुन्हा बांधावा लागत नाही. शिवाय प्रोसेसरचा मायक्रोकोड (त्याच्या आतल्या कामाच्या दुरुस्त्या) अगदी सुरुवातीला लोड करण्यासाठी कर्नल तो बाह्य संग्रहाच्या आरंभी असलेल्या न दाबलेल्या भागात शोधतो. सगळे आतच ठेवायचे असेल, तर मायक्रोकोड ‘एक्स्ट्रा_फर्मवेअर’ या पर्यायातून वेगळा द्यावा लागतो. धागाकर्त्यांच्या बोर्डावर यातले काहीच लागू नाही, हे उघड आहे.

परवान्याचा मुद्दाही येथेच नोंदवतो. जीपीएलशी (लिनक्स कर्नलचा परवाना) न जुळणारा कोड संग्रहात ठेवायचा असेल, तर तो कर्नलच्या बायनरीत मिसळू नये म्हणून बाह्य संग्रह सोयीचा ठरतो, असे कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात म्हटले आहे. उत्पादन विकणाऱ्यांनी हे आधी पाहावे.

---

रिकामी_ओळ

माझ्या बोर्डावर ‘इनिट्रॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड: राइट एरर’ असा संदेश आला आहे. संग्रह मोठा आहे, पण उलगडल्यावरही रॅममध्ये मावेल एवढाच आहे.

---

जुना_पाना

रूटएफएस टीएमपीएफएस असेल तर तिची मर्यादा रॅमच्या निम्मी असते. कमांड लाइनमध्ये ‘रूटएफएसटाइप’ला रॅमएफएस द्या, म्हणजे ती मर्यादा राहणार नाही. कमांड लाइनमध्ये ‘रूट=’ दिलेले असेल तरीही कर्नल रॅमएफएसच निवडतो, म्हणून हीच चूक एका बोर्डावर दिसते आणि दुसऱ्यावर दिसत नाही. अर्थात, निम्मी रॅम खाणारा संग्रह सुरुवातीच्या टप्प्यासाठी खरोखर लागतो का, हे आधी पाहा.

---

शून्यसेक्टर (धागाकर्ता)

‘एक्झेक’ खरोखरच लिहिलेले नव्हते. ते जोडले, डीएम-क्रिप्ट कर्नलमध्येच बांधले आणि बोर्ड आता पार्टिशन उघडून शेवटपर्यंत बूट होतो. ‘सीएमडीलाइन_फोर्स’ आणि ‘इनिट्रॅमएफएस_फोर्स’ दोन्ही चालू केले आहेत.

आता स्क्रिप्टमधली एक ओळ बदलायची तरी संपूर्ण कर्नल फ्लॅशवर नव्याने लिहावा लागतो. त्यामुळे स्क्रिप्ट जितकी लहान ठेवता येईल तितकी ठेवली आहे आणि फ्लॅशवर आधीच्या चालत्या इमेजची एक प्रत राखून ठेवली आहे.

---

जुना_पाना

एक शेवटचे विचारतो. पार्टिशन उघडले नाही तर तुमची स्क्रिप्ट काय करते? चाचणीच्या काळात आपण सर्वच जण तेथे शेल उघडण्याची ओळ टाकतो.

---

शून्यसेक्टर (धागाकर्ता)

तीच ओळ होती. सिरियल केबल जोडून तीन वेळा चुकीचा सांकेतिक शब्द दिला आणि रूटचा शेल समोर आला. ती काढून तेथे रीबूट घातले आहे आणि इमेज पुन्हा बांधतो आहे.